अस्तर

ठाण्यात थंडी पडते ती अडीच दिवस.
त्यातला अर्धा येऊरच्या पायथ्याशी,
पहाटे दूध आणायला निघालेल्यांपुरता.
आणि माझ्याकडे चामड्याची एकोणीस जाकिटं.

हिशेब लागत नाही, हे मला कळतं.
बायकोला तर केव्हाच कळलंय.
ती त्या खोलीला गोठा म्हणते.

गोठ्यात चाळीसचा बल्ब बारा महिने जळतो.
बुरशीला उजेडाची नाही, उबेची भीती.
जुलैत दर रविवारी मी एकेकाची पाठ पुसतो,
पाठ, खांदा, काख.
माणूस आधी काखेत फाटतो
हे मी जाकिटांकडून शिकलो.

समजूबेन खोपटच्या नाक्यावर बसते,
मांडीशी भांड्यांचा ढीग, पाठीशी गाठोडी.
शर्टाची कॉलर उलटवून, अंगठा फिरवून सांगते
त्या घरात कोण किती दिवस आजारी होतं.
चामडं आलं की फोन करते,
"साहेब, तुमचं जनावर आलंय. घेऊन जा."

हे तपकिरी तसंच आलं.
चरईतल्या एका घरातून,
दोन डबे आणि एका चाळणीच्या बदल्यात.
डाव्या कोपराला घडी इतकी पक्की
की रिकाम्या बाहीनेही हात वाकवलेला.
खांद्यावर कसल्या तरी पट्ट्याचा पांढुरका वण.
लोकांना खिशात पत्रं सापडतात.
मला सापडली बडीशेप, चार दाणे.

तीन आठवडे खपलो.
घोड्याच्या खोगिराला लावतात तो साबण,
मग तेल, मग धोतराचं फडकं, मग पुन्हा तेल.
चेनचे दोन दात मुनव्वर मास्तरांनी बसवून दिले.
अस्तर पार विटलेलं, मानेपाशी काळं पडलेलं,
ते उसवून नवं घातलं.
सॅटिन. मरून.
बायकोसुद्धा दारात थांबून म्हणाली, हं.

मग टिपणीसबाई आल्या.
मागे समजूबेन, पदराचं टोक चावत.
"सुनेने देऊन टाकलं. मी नाशिकला होते हो."
पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले
दोन डबे काढले. आणि चाळणी.

मी ट्यूब लावली,
कातडं कसं उजळलंय ते दिसावं म्हणून.
त्यांनी हात लावला नाही.
वाकल्या, कॉलरीशी नाक नेलं,
मग बाहीशी, मग आत, अस्तरात,
पुन्हा कॉलरीशी,
जसं कुणी इमारत पाडलेल्या गल्लीत
जुना पत्ता विचारत फिरावं.

"छान केलंत. अगदी नव्यासारखं."
थोड्या वेळाने, "जुनं अस्तर?"
घंटागाडीत गेलं, म्हणालो.
"हो, बरोबर आहे. ठेवून काय करायचं."

चहा घेतला. साखर दोन चमचे म्हणाल्या,
आणि ढवळायची विसरल्या.
जाकीट नेलं नाही.
समजूबेनने डबे उचलले, चाळणी माझ्याकडे सरकवली.
"दिलेलं भांडं सगळं परत घेत नाही मी, साहेब.
धंद्याला वाईट."

तेव्हापासून आणखी दोन आलीत.
एक काळं, जड, बहुतेक खात्यातल्या कुणाचं,
एक बाईचं, आखूड,
मनगटाशी हळदीचं बोट.
साबणाचा डबा उघडलेला नाही.
स्टूल घेऊन मी नुसता जवळ बसतो.
बायको विचारते, यंदा गोठा झाडायचा नाही का?

चाळणी चांगली आहे, रवा छान पडतो.

तपकिरी खुंटीला आहे, दाराकडून तिसरं.
कोपर मात्र, दोनदा तेल पाजूनही,
सरळ झालेलं नाही.
हे त्यांना दाखवायचं राहून गेलं.